गुळाच्या पारड्यात आनंदराव

मंडळी, सरसावून बसा! आज एकच प्रश्न. माणूस मोठा आहे हे ओळखायचं कशावरून? पैशावरून? पदावरून? नाही म्हणताय! शहाणे आहात. हरणवाडीकरांनी मात्र याचं उत्तर केव्हाच शोधून ठेवलं होतं. ते म्हणाले — तराजूवरून!

हसू नका, ऐका! हरणवाडी म्हणजे गुळाचं गाव. शिवारात ऊस, बांधाला गुऱ्हाळं, टेकडीवर भैरोबा. उत्सवात मानाची घरं दोन — चौगुले आणि खोत. दोन्ही घरांचे कर्ते पुरुष पारड्यात बसायचे, समोर गुळाच्या ढेपा चढायच्या. गूळ गावाला प्रसाद! इथवर पुण्यच आहे. पण ज्याला गूळ जास्त लागेल, पहिली आरती त्याची! आता सांगा, उत्सवाआधी ही मंडळी काय करत असतील? उपास? छे हो — शिरा!

त्यातले आमचे आनंदराव चौगुले. पन्नाशी ओलांडलेली, मिशी झुबकेदार, स्वभाव लोण्यासारखा — आणि आहारही. गेल्या उत्सवात खोतांनी त्यांना हरवलं. जिव्हारी लागलं!

"हौसा, माझ्या बापानं आरती कधी सोडली नाही!" असं बायकोला म्हणाले, आणि दुधात तूप घालून घटाघट प्यायले. काय पराक्रम! पूर्वज रणात छाती पुढं काढायचे. यांनी — पोट!

हौसाबाई बघत होत्या. जिना चढताना दम, जेवता जेवता डुलकी. एका सकाळी म्हणाल्या, "चला, दवाखान्यात."

"मला काय झालंय?"

"झालं नाही तोवर जायचं असतं."

तालुक्याला सोलापुरे डॉक्टरीणबाई. वयानं लेकीसारख्या. काट्यावर उभं केलं — ब्याण्णव! आनंदरावांनी मिशीवरून हात फिरवला. "उत्सवापर्यंत अजून चढेल ना हो?"

बाईंच्या उभ्या आयुष्यात असा पेशंट पहिलाच!

"काका, उंचीही मोजते."

"उंची कशाला? पारड्यात उंची लागत नाही."

"माझ्या पारड्यात लागते."

आता मंडळी, डुलक्या सोडा, गणित आलं! वजन घ्यायचं किलोत. उंची घ्यायची मीटरमध्ये. उंचीला उंचीनंच गुणायचं आणि त्यानं वजनाला भागायचं. येतो तो बीएमआय — उंचीच्या मानानं वजन किती, त्याचा आकडा! आनंदरावांची उंची एक पूर्णांक पासष्ट. तिला तिनंच गुणलं — दोन पूर्णांक बहात्तर. ब्याण्णवला त्यानं भागलं — जवळजवळ चौतीस!

"चौतीस!" आनंदराव उसळले. "खोताचा किती?"

"काका, ही शर्यत नाही हो! साडेअठरा ते तेवीस, हे मोठ्या माणसाला चांगलं. तेवीसच्या वर गेलात की वजन जास्त. पंचवीस ओलांडलं की आपल्याकडं लठ्ठपणाच धरतात — साखर, रक्तदाब, गुडघे, हृदय, सगळ्यांना आमंत्रण."

आणि साडेअठराच्या खाली असणाऱ्यांनी ताठ बसू नये! तेही दुखणंच. पेटीवाले बुवा, तुमच्याकडं बघून बोलत नाही, वाजवा तुम्ही!

आनंदराव काय सोडतात? "बाई, मी तालमीतला माणूस. हे हाड आहे, हाड!"

"बरोबर! पैलवानाचा आकडा नुसत्या स्नायूंनीही चढतो. म्हणून तर टेप ठेवलीय." बाईंनी पोटाभोवती टेप फिरवली. पुरुषाला नव्वद सेंटीमीटरच्या आत बरं, इथं एकशेबारा! बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, पोटात हाड नसतं."

रक्तदाब वाढलेला. साखर काठावर. घरी आले आणि म्हणाले, "एवढा उत्सव होऊ दे. मग कमी करतो."

हौसाबाईंनी शिऱ्याची परात पुढं ठेवली. ठेवली, पण हात काढला नाही!

"मामंजीही हेच म्हणाले होते. आरती झाली, आणि दिवाळी बघितली नाही त्यांनी. गाव म्हणालं, काय भारदस्त माणूस होता! — होता!"

"हौसा, शुभ बोल."

"झोपेत तुमचा श्वास अडकतो. मी हलवते, मग परत सुरू होतो. रोज. आता सांगा, एखाद्या दिवशी माझाच डोळा लागला तर?"

मंडळी, भैरोबाच्या घंटेनं जे जागं झालं नाही, ते या एका वाक्यानं जागं झालं! आनंदरावांनी परात स्वतःच्या हातानं बाजूला सारली. दुसऱ्याच दिवशी दोघं पुन्हा बाईंकडे गेले. झोपेतल्या श्वासाचीही तपासणी झाली, उपचार सुरू झाले.

मग काय, चमत्कार? आठवड्यात सडपातळ? नाही हो! तसं सांगणारा बुवा दिसला तर जोडे हातात घ्या आणि पळा! आनंदराव भाकरी खायचे, पण एक कमी. भाजी जास्त, तूप चमच्यानं, आणि रोज बांधावरून चालणं. हौसाबाई मागून ओरडायच्या, "म्हशीपेक्षा जोरात चला!" आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी बाई खूश.

पाच महिन्यांनी उत्सव आला! आनंदराव पारड्यात बसले. ढेपा चढल्या — त्र्याऐंशीला काटा स्थिर! बीएमआय साडेतीस. म्हणजे अजून वाट लांबच. पण इकडं खोत शंभरी पार! हलगी कडाडली. खोत ओरडले, "आनंदराव, घरात दुष्काळ पडला का हो?"

सगळं गाव हसलं. वडलांच्या घरचा मान पुन्हा गेला, चारचौघांत! आनंदरावांचे कान तापले. त्यांनी बायकांच्या घोळक्यात पाहिलं. हौसाबाई ताठ उभ्या होत्या.

"दुष्काळ नाही खोत," आनंदराव पारड्यातून उतरत म्हणाले, "माझी बायको आता रात्रभर झोपते. त्यापुढं तुमची आरती हलकी!"

ताट खोतांच्या हाती गेलं. देवळाच्या पायऱ्या लागल्या. चार चढले, आणि खोत थांबले. घाम! धाप! ताट डगमगलं. आनंदरावांनी एका हातानं ताट धरलं, दुसऱ्यानं खोतांना. खोतांनी इकडंतिकडं पाहिलं, आणि कानाशी लागून पुसलं,

"आनंदा… ती डॉक्टरीण कुठल्या वारी बसते रे?"

मंडळी, हा खरा प्रसाद! आता तुम्ही काय करताय? शेजाऱ्याच्या पोटाकडं बघताय! मला इथून दिसतं! आपापल्याकडं बघा. उद्या उंची मोजा, वजन करा, पोटाला टेप लावा, आणि आकडा घेऊन डॉक्टरकडे जा. मान देवळात मिळेल न मिळेल. घरात तुमच्या श्वासाकडं कान लावून कोणीतरी जागं आहे. त्या माणसाला झोप द्या! म्हणा माझ्यामागं —

घास मापाने घ्यावा । श्वास जिवापाड जपावा ॥

आणि टाळ जोरात! तेवढाच व्यायाम!