उकळलेला ब्रश

न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या बाकावर निवृत्त मास्तर तिथेच काम करणाऱ्या भाचीची सुट्टी व्हायची वाट पाहत बसले होते. शेजारी एक सासू-सून येऊन टेकल्या. सुनेच्या हातात दात घासायचा ब्रश होता.

“ओळख पटवायला माझ्या नवऱ्याचा ब्रश मागितला होता त्यांनी, आणि तुम्ही तो उकळलात?”

“परक्यांच्या हातात घाणेरडी वस्तू द्यायची होय गं?”

“धन्य आहे तुमची! त्या घाणीतच तर यांची खूण होती. आता त्यांनी काय तुमची स्वच्छता तपासायची?”

“तपासून तरी काय दिवे लावणारेत? वीसेक जागा बघणार म्हणे.”

“हो. डीएनएतल्या प्रत्येक जागी एक बारीकसा तुकडा लागोपाठ किती वेळा आलाय, ते मोजतात. कुणात सात वेळा, कुणात अकरा. सगळीकडे जुळलं, तर नदीत सापडलेला देह यांचाच.”

“वीस जागा! मी त्याला अख्खा न्हाऊमाखू घातलाय. तो नव्हेच तो.”

“कशावरून?”

“आईला कळतं.”

“मग ब्रश उकळलात कशाला?”

तेवढ्यात मास्तरांची भाची दार उघडून बाहेर आली.

“आजी, ब्रशचं राहू द्या. तुमच्या गालातून कापसाची काडी फिरवली तरी भागेल. प्रत्येक जागी दोन आकडे असतात, त्यातला एक मुलाला आईकडूनच मिळतो. आ करा बघू.”

सासूने ओठ घट्ट मिटून घेतले.

“बघा,” सून म्हणाली, “घरात क्षणभर मिटत नाही हे तोंड!”