तारीख पाळली, पण दुसऱ्याच कोर्टात

मी मुक्ताबाई कडुबा दांडगे, वय ५७ वर्षे, धंदा दूधविक्री, मूळ राहणार ता. कन्नड, हल्ली मुक्काम गारखेडा परिसर, छत्रपती संभाजीनगर. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून जबाब देते की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. मालक वारले. दोन म्हशी आहेत, पैकी एक व्यायला टेकली आहे. गोठ्याचं शेणपाणी गटारात सोडलं म्हणून महापालिकेनं माझ्यावर खटला भरला. सोडलं होतं, नाय म्हणत नाही.

मागच्या आठवड्यात समन्स आलं. मला वाचता येत नाही. शेजारची मेघा वाचून म्हणाली, "मावशी, सोमवारी साडेदहाला कोर्टात जायचंय." कुठल्या कोर्टात, हे मी विचारलं नाही. आमच्या कन्नडला कोर्ट म्हटलं की एकच जागा. बांधाचं भांडण असो की मारामारी, सगळे तिथंच जातात.

सोमवारी मी दहाच्या आत इथल्या मोठ्या, जिल्ह्याच्या कोर्टात पोहोचले. मालक बांधाच्या केसला जायचे तेव्हा सांगायचे, नाव पुकारल्याबिगर कोर्टात तोंड उघडायचं नाय, साहेब चिडतात. म्हणून कुणाला काही विचारलं नाही. पाणी प्यायलासुद्धा उठले नाही, तेवढ्यात पुकारा झाला तर काय घ्या! संध्याकाळी शिपाई कुलूप लावायला आला, त्याला समन्स दाखवलं. तो म्हणाला, "आजी, हे महापालिकेच्या कोर्टाचं आहे. ते दुसरीकडं भरतं." शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, मी तर नको त्या कोर्टाची चढून दिवसभर बसले. भीतीनं हे मेघालाही सांगितलं नाही.

आज सकाळी सातला धार काढत असताना हवालदार दारात आले. तारखेला गैरहजर राहिल्याचं वॉरंट निघालंय म्हणाले. माझी पाचावर धारण बसली. बादली कलंडली. मला आत टाकलं तर म्हैस कुणाच्या भरवशावर व्यायची, एवढंच मी पुन्हा पुन्हा विचारत होते.

हवालदार म्हणाले, जामिनाचं वॉरंट आहे, आत टाकत नाहीत, ठाण्यात जबाब देऊन घरी जा, उद्या साडेदहाला महापालिकेच्या कोर्टात हजर व्हा. पत्ता त्यांनी दोनदा सांगितला. मी व्हय म्हणाले, पण मला काही कळलं नाही. गोठा गारखेड्याचा, गटार गारखेड्याचं, मग खटला इथंच का चालवत नाहीत?

मला लई भीती वाटते, साहेब. एकटी गेले तर परत चुकेन, मग मला कुणी सोडणार नाही. माझी विनंती आहे की मला एकटीला पाठवू नका. वॉरंट आहे ना, मग पकडूनच न्या. गाडीत बसवा आणि त्या साहेबांपुढं उभं करा. उद्या आठ वाजता मी स्वतःहून ठाण्यात येते.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरला आहे, म्हणून डाव्या हाताचा अंगठा देते.