डाव्या बुटात

बॅग तिथं नको, आत घे. दोन्ही घे. सुगतची इकडं दे — अरे, माझ्या नातवाची आहे, मला जड होत नाही. इथं मुलाकडं परदेशात येण्याआधी देहूरोडच्या डेपोत जन्मभर पेट्या उचलल्यात. बस. विमानतळावरून सरळ आलास? बरं केलंस. शेखर आणि सूनबाई नीलिमा, दोघं कामावर आहेत. ती येईल सहाला. तोवर मी आहे. असा चोरासारखा कडेला काय बसतोस, सारंग? मित्र मागं राहिला म्हणून मी तुला बोलणार नाही. मीच त्याला राहायला सांगितलं. हो, मी. हे घरात माहीत नाही, आणि तूही बोलायचं नाहीस.

चहा घे. तर — त्यानं फोन केला होता, त्या व्हिएनतिआनहून. म्हणाला, आप्पा, दोनच दिवस आहोत इथं, मग बँकॉक, मग घरी. पण तुम्ही इथं पाहिजे होता. पहाटे रस्त्यानं भिक्खूंची रांग निघते, अनवाणी, आमच्या वयाची पोरं, आणि बायका गुडघ्यावर बसून त्यांच्या पात्रात भात घालतात. अख्खं शहर बुद्धाचं! मी चौथी शिकलेला माणूस, ते शहर नकाशात कुठं आहे मला माहीत नाही — पण मी म्हटलं, मग परत कशाला येतोस? मी पासष्टीला डोकं भादरून दहा दिवस श्रामणेर झालो. तुझ्या बापानं कधी केलं नाही. तू घे भिक्खूचं चीवर. वर्षावास चालू आहे, तीन महिने भिक्खू जागा सोडत नाही, कॉलेज काय पळून जातंय? तर हसला. म्हणाला, बघतो. — बघतो म्हणजे काय? बघतो म्हणजे हो. शेखर बघतो म्हणतो तेव्हा ते नाही असतं. सुगतचं तसं नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला ना — आप्पा, सुगत दुपारपासून आला नाही, काय करू — मी लगेच ओळखलं. रडत होतास. मी काय सांगितलं? गेला असेल विहारात, तू विमान सोडू नकोस, त्याची बॅग घेऊन ये. मोठ्या माणसाचं ऐकलंस, चांगलं केलंस. मग आता मान खाली कशाला? नीलिमा तर वकिलातीत फोन लावत होती. मी फोनवर हात ठेवला. म्हटलं, पोरानं चीवर घेतलंय, त्याच्यामागं पोलीस लावतेस? विहारात फोन नसतो. तिनं फोन खाली ठेवला. त्सुनामीला दीड वर्ष होऊन गेलं तरी तिचं आपलं तिकडं नको, तिकडं नको. सुगतच म्हणाला होता, आई, त्या देशाला समुद्रच नाही. रविवारी इथल्या कापेलच्या विहारात वंदनेला गेलो, सगळ्यांना पेढे वाटले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

खिडकीतून सारखं काय बघतोस? ते पाणी? इथं हूफडॉर्पला डच घरांमागं कालवा असतोच, तुला काय नवीन आहे? लहानपणी सुगत त्यातच पडला होता. बायको गेल्यावर मी नुकताच इथं राहायला आलो होतो. मग नीलिमानं त्याला पोहायला घातलं. इथं पोरांना अंगावरच्या कपड्यांसकट पोहायला लावतात, तेव्हा सर्टिफिकेट देतात. दर शनिवारी मीच न्यायचो, बाकावर बसायचो. चष्म्याशिवाय आंधळा बिचारा — पाण्यातून दुसऱ्याच कुठल्या गोऱ्या म्हाताऱ्याला हात करायचा. मी ओरडायचो, अरे इकडं, तुझा म्हातारा काळा आहे! चष्मा कायम डाव्या बुटात, मोज्यात गुंडाळून. बूट माझ्या मांडीवर. पण पाण्याला कधी भ्यायला नाही. — तिकडची नदी म्हणे चहासारखी दिसते. फुगली होती, म्हणत होता. असू दे.

बॅग उघडतो. शर्ट. भिक्खूला शर्ट कशाला? हा त्याचा फोन — काय करायचाय? दाढीचा वस्तरा. वस्तरा तर लागतो. भिक्खूनं जवळ ठेवायच्या आठ वस्तूंत वस्तरा असतो. — देत असतील तिकडं. आणि ह्या पिशवीत? बूट. बरोबर आहे, अनवाणीच चालायचं असतं. विहाराच्या दारात काढले असतील. काय? मोठ्यानं बोल. नदीकाठी? कुणाला मिळाले, गेस्टहाउसच्या बाईला? मग विहार नदीकाठीच असेल. पाण्याजवळच बांधतात. — निघायच्या सकाळी दिले तिनं? आणि तू मला तेव्हाच का नाही — केला होतास. केला होतास फोन. आप्पा म्हणालास, तेवढ्यात मी म्हटलं, विमान चुकेल, ठेव. आणि मीच ठेवला.

एक बूट जड लागतोय. आत काहीतरी आहे. मोजा आहे, कशाभोवती तरी गुंडाळलेला.

सारंग, हा कुठला बूट? मला आताशा नीट दिसत नाही. तू सांग. उजवा आहे ना?

चहा ठेव खाली. ऊठ. घरी जा, तुझी आई वाट बघत असेल. नीलिमाला मी सांगेन. पेढे मी वाटले, मीच सांगणार. — नको, त्याला हात लावू नकोस. राहू दे माझ्या मांडीवर. जा म्हटलं ना.