पांढऱ्या पट्ट्याचे दगड

—काढा ना फोटो, साहेब, पण जपून, शेवाळ आहे. तर काय सांगत होते? हां, आमची जोडी. ताई समुद्र मोजते आणि मी 'दगड मांडत बसते'— हे आईचे शब्द! ताईचं म्हणणं, तुमच्या समितीने इथे भिंत बांधली की दगड पुढे सरकायचे थांबतील, पुढचा किनारा खंगत जाईल. त्यासाठीच तिने खुणेचे दगड टाकलेत सुळक्यापलीकडच्या खाडीत. समुद्र ते कुठवर नेतो, ते बघायला. शोध तिचा, मांडणी माझी. आकड्यांनी कुणाच्या पोटात कालवतं का? नाही कालवत. म्हणून मी.

हा घ्या हातात. काळा, मधे पांढरा पट्टा. इथे मांडलेल्या माझ्या दगडांच्या चक्रासाठी मी नेमके असेच वेचले— त्याच खाडीतून, टोपल्या वाहून पाठ मोडली— हसू नका, आम्हा बहिणींची आवड लहानपणापासून एकच, एका फ्रॉकवरून झिंज्या उपटल्यात! तिनेही असेच निवडलेले. फक्त तिच्या दगडांच्या पोटाला खुणेचा निळा ठिपका. मी कशाला उलटून बघतेय? मला पट्टा हवा होता.

मग वादळात चक्र उधळलं. सकाळी बघते तर ताई इथे गुडघ्यांवर, एकेक दगड उलटा करतेय नि ओरडतेय, "अगं, सुळक्याला वळसा घालून आले! इथवर!" मला मिठी मारली. वर म्हणते, "तुझं चक्र मात्र मोडलं गं." समजूत काढत होती. माझी!

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण ती लगेच तुम्हाला फोन करायला धावली, आणि मला वाटलं— भिंत नकोच आहे ना? मग दगड कुणी आणले त्याने काय असा— कॅमेरा का ठेवलात? मी काय बोलून गेले आत्ता?

नाही, साहेब, ऐका. खाडीतले बाकीचे खरंच सरकलेत. थोडेच, हातभर, पण समुद्राने सरकवलेत. ते बघा. ताई खोटी नाहीये.

ती बघा, थर्मास घेऊन येतेय. हात हलवतेय, वेडी. तुम्ही जा. गाडीत बसा. हे तिला तुमच्या तोंडून कळायला नको. जा ना! आणि तो दगड ठेवून जा.

असा नाही. ठिपका वर.