सात खाचांची रायफल

आमच्या कसालच्या आबाकाकांना बोलण्यात हरवणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. त्यांच्या आजोबांची शिकारीची रायफल आहे ना, खास घडवून घेतलेली, दस्त्यावर चांदीची पट्टी आणि मारलेल्या प्रत्येक वाघामागे एक खाच, तिची किंमत करायला कोल्हापूरचे एक जाणकार आले होते. त्या सात वाघांच्या गोष्टी ऐकत वाढलेले आम्ही सगळे ओटीवर जमलो होतो.

पाहुण्यांनी नळीत बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, "नळी अगदी कोरी आहे. रायफल फारशी चाललेलीच नाही, त्यामुळे किंमत चांगली येईल. पण मग या सात खाचा कसल्या?"

आम्ही आबांच्या तोंडाकडे बघत बसलो. खाचा खऱ्या म्हटल्या तर किंमत जाणार, खोट्या म्हटल्या तर आजोबांची अब्रू.

आबा शांतपणे म्हणाले, "एका गोळयेत एक वाघ. सात गोळयांनी नळी झिजता काय?"

"अहो, पण नेमाचा सराव तरी केला असेल ना?"

"सराव ज्येचो नेम चुकता तेका लागता."