एकमेकांना धडकणारे अणू

दवाखान्यात माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या. लेक प्रयोगशाळेतून सुट्टीवर आलेली. बाप समोर औषधांच्या खिडकीशी रांगेत उभा होता.

“तुझे ते अणू निवले का गं?”

“कधी निवतात, कधी दगा देतात.”

“फ्रिजमध्ये ठेवायचे मग.”

“आई! त्यांना आम्ही चुंबकाने अधांतरी धरून ठेवतो. सगळ्यात तापलेले असतात त्यांना बाहेर जाऊ देतो. उरलेले एकमेकांना धडकत धडकत निवतात आणि शेवटी एकजीव होतात.”

“आणि धडकलेच नाहीत तर?”

“मग निवतच नाहीत. जो तो आपली धग घेऊन एकटा फिरत राहतो.”

“फारच धडकले तर?”

“तर अणूंचा सगळा ढगच विरून जातो. बेताने धडकायला हवं.”

“आमच्याकडचा तापट तर गेला निघून. उरलो आम्ही दोघं.”

“दादा येईल गं परत.”

“येईल तेव्हा येईल. पण तो गेल्यापासून तुझे बाबा माझ्याशी एकदाही भांडले नाहीत. परवा मुद्दाम भाजी खारट केली, तर मुकाट्याने पाणी पिऊन उठले.”

“तुला भांडण हवंय?”

“पूर्वी कडाकडा भांडायचे, आणि मग स्वतःच चहा करून आणायचे.”

बाप औषधं घेऊन आला.

“अहो, इतका वेळ? रांगेत झोपलात की काय? आणि पिशवी ही फाटकीच सापडली तुम्हाला?”

“चुकलंच माझं. तुम्ही या सावकाश, मी दाराशी थांबतो.”

“अहो, निदान...”

तो दाराकडे वळलाही होता.

“बघितलंस? जरासुद्धा धक्का लागू देत नाहीत.”