कुणाच्या बाजूचा?

ऐका. आन् आधी ती लाकडं सारा आत, सगळा धूर माझ्याच डोळ्यात येतोय. मधी कुणी हसायचं न्हाई, आत्ताच सांगून ठेवते. ही ऐकीव गोष्ट न्हवं. माझ्या दिराची हाय, धाकलूची. त्या सकाळी दार मीच उघडलं व्हतं.

धाकलू जंगल खात्यात वनमजूर. वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, ते वीज करणारे मोठाले पंखे फिरतात न्हवं, त्यांच्या बुडाला मरून पडलेली पाखरं गोळा करायची, कड्यावरच्या गिधाडांवर नजर ठेवायची, हे त्याचं काम. त्या साली कंपनीला पंखे पार कड्यापतूर न्यायचे व्हते. झालं! एका गावाची दोन गावं झाली. अर्धी म्हणायची, पंखे येऊ द्या, पोरांना कामं लागतील. अर्धी म्हणायची, सडा गेला तर गुरं काय तुमच्या ओसरीवर चारायची? कड्यावर गिधाडं राहत असतील तर पंखे थांबणार व्हते. आन् राहतात का न्हाई, हे सांगणारा एकटा धाकलू. मग काय, पाणवठ्यावर बघा, देवळात बघा, जो तो त्याला एकच इचारायचा, तू कुणाच्या बाजूचा? बिचाऱ्याला घास गिळू देईनात.

अशातच निरोप आला, उद्या जंगल खात्याचे साहेब पाहणीला येणार. उन्हं चढली की गिधाडं उडून जातात, म्हणून उजाडायच्या आत कड्यावर पोचायला हा रातीच निघाला. अवस-बिवस काय न्हवती बरं का, चांगलं चांदणं व्हतं. मी म्हटलं, भावजी, कुणाला तरी संगं घ्या. तर म्हणाला, कुणाला घेऊ वहिनी? ज्याला घेईन त्याच्या बाजूचा म्हणतील.

गेला एकटा. सड्यावर चढला आन् धुकं आलं. हात पुढं केला तर हात दिसंना. पंख्याच्या डोक्यावरचा लाल दिवा तेवढा पाठीमागं दिसत व्हता. तेवढ्यात मागनं कुणीतरी बोललं.

"कोण त्यो? कुणाच्या बाजूचा?"

एकदाच, बरं का. रातीची हाक तीनदा आल्याबिगर ओ देऊ नये, हे आपल्यात शेंबड्या पोरालाबी ठावं हाय. त्यालाबी ठावं व्हतं. पण दिवसभर गावानं हेच इचारून पिडलेलं. त्याला वाटलं, गावातलाच कुणीतरी पाळतीवर आलाय. वैतागून म्हणाला, पंख्याच्या बाजूचा, बास?

आन् ऐका, पाठीमागचा लाल दिवा म्होरं आला. हा चालतोय, चालतोय, दिवा काय जवळ येईना. एक धोंडा लागला. परत चालला. परत त्योच धोंडा. चकवा लागला, बाबांनो.

परत आवाज. आता डाव्या अंगानं, अगदी खांद्याजवळनं. कुणाच्या बाजूचा? घाबरून म्हणाला, कड्याच्या, कड्याच्या! म्हणायचा अवकाश, दिवा इझला. पायाखालचं गवत सरलं. खालनं गार वारं वर यायला लागलं. कडा! ज्या बाजूचं नाव घ्यावं, ती बाजू त्याला वढून न्हेत व्हती.

आन् मग... सरका जरा जवळ. मग तिसऱ्यांदा हाक आली. माझ्या मामंजींच्या आवाजात. ते याच कड्यावरनं मध काढताना पडून गेले व्हते. धाकलू तवा दुधपिता न्हवता, चांगला जाणता व्हता. आवाज वळखला त्यानं.

"धाकल्या, तू तरी माझ्या बाजूचा हाईस न्हवं?"

व्हय म्हणायला त्याचं तोंड उघडलं. बापाला कोण न्हाई म्हणंल? पण कुठनं बुद्धी आली देव जाणे, गळ्यातला टॉवेल त्यानं तोंडात कोंबला आन् व्हता तिथं खाली बसला. बाप हाका मारतोय. रडतोय. हा टॉवेल चावतोय. रातभर.

उजाडलं तवा एक पाय कड्याच्या बाहेर लोंबत व्हता. आन् खाली कपारीत गिधाडं पंख पसरून बसलेली. घरी आला तवा टॉवेल रक्तानं भिजलेला, तोंडातनं काढायला मला बोटं घालावी लागली.

साहेबाला त्यानं खरं सांगितलं. साहेबानंबी बघितलं. पंखे थांबले. आन् अर्ध्या गावानं त्याला वाळीत टाकलं. मयताला गेला तर खांदा देऊ देत न्हाईत. लई वाईट वाटतं मला. आन् दुसरं अर्धं गाव गळ्यात हार घालायला आलं, आता तू आमच्या बाजूचा म्हणून. तर हा त्यांच्यासमोर धपकन खाली बसला आन् कानावर हात धरले. तवापासनं रातीचा टॉवेल तोंडात धरूनच निजतो. म्हणतो, वहिनी, बाप अजून उत्तर मागतोय.

म्हणून सांगते, कड्याच्या वाटंनं रातीचं जाऊ नका. जावंच लागलं आन् धुक्यात कुणी बाजू इचारली, तर सख्खा बाप का इचारीना, हाय तिथं खाली बसा. बोलू नका.